राहिलेलं रफू

५ जानेवारी

प्रिय धाकटे,

एका गंभीर अन्यायाची नोंद करण्यासाठी हे पत्र लिहिते आहे, तेव्हा बसून वाच.

तुझं पार्सल पंधरवड्यापूर्वीच पोचलं. आतला माल सुखरूप. पण तो ज्या वर्तमानपत्रात गुंडाळला होतास, त्यातलं शब्दकोडं अर्धवट सोडवलेलं होतं, तेही पेनाने, आणि तेही चूक. 'संथ चालणारा प्राणी, तीन अक्षरं' इथे तू 'नवरा' लिहिलं आहेस. त्या एका नवऱ्यापायी खालचे चार उभे शब्द बिघडले. मी चहा घेऊन, चष्मा पुसून, पाय वर घेऊन बसले होते. माझ्या वयाच्या बाईच्या आयुष्यात अशा दुपारी किती उरल्या आहेत याचा तू कधी विचार केलास का? यापुढे कोरं कोडं पाठव, नाहीतर जुन्या जाहिरातींत गुंडाळ.

आता कामाचं. कॉलर आणि कफ, दोन्ही भट्टीतून नीट निघाले. पातळ मातीत बुडवलेलं कापड भट्टीत जळून जातं आणि त्याच्या विणीवर चढलेली माती तेवढी उरते, हे मी वीस वर्षं करते आहे, तरी झाकण उघडण्याआधी अजून दोनदा हात पुसते. कापड नाही, पण त्याचा धागा न् धागा आहे. काठाला नेहमीसारखी बारीक भोकं पाडली आहेत. तुझ्याकडे उरलेलं अर्धं कापड त्यातून शिवून घे. माती भाजली की आठातला एक भाग आकसते, म्हणून कापडाला चुण्या घालाव्या लागतील. अर्धा कफ मातीचा, अर्धा सुताचा, सगळा मिळून तळहाताएवढा. छान दिसेल.

कलादालनवाले येऊन गेले. थंडीत मोजे न घालण्याइतके ते मोठे रसिक आहेत. मार्चअखेरच्या प्रदर्शनाला नऊ वस्तू हव्यात म्हणाले, आणि एक पानभर मनोगत. त्यांना सगळ्यात आवडली ती आपली मूळ कल्पना: मावशीच्या फळीवरचे, रफूला टाकून लोक विसरून गेलेले कपडे, आणि त्यांना पडलेली भोकं. भोकापाशी मातीने थांबायचं. "रिकामेपण बोलतं," असं ते डोळे मिटून म्हणाले.

आणि इथे माझी दुसरी तक्रार, ही खरी. दोन्ही भोकं तू रफू करून पाठवलीस. बुडवताना माझ्या लक्षात आलं नाही, निघाल्यावर दिसलं. रफू सुरेख आहे, मावशीच्या हातचं वाटावं असं. पण मला भोक हवं होतं.

तुझी,
ताई

*

१२ जानेवारी

ताई,

संथ प्राण्याबद्दल: मला नवरा नाही, म्हणून तुझ्या नवऱ्यावरून अंदाज केला. अक्षरं बरोबर बसली होती.

रफूबद्दल: मी केलेलं नाही. कॉलरला माझा अंगठा जाईल एवढं भोक होतं, कफाला त्याहून मोठं. पार्सल बांधताना दोन्ही उघडी होती. तुला थट्टाच करायची असेल तर दुसरी एखादी कर. या एका गोष्टीवरून माझी थट्टा करायला तरी तू नको.

मी रफूला हात लावत नाही हे तुला माहीत आहे, आणि का ते तुझ्याइतकं कुणालाच माहीत नाही. तू तेव्हा आमच्याकडेच राहत होतीस. तू अकराची, मी नऊची. माझ्या आईची, तुझ्या मावशीची, ती वाकडी सुई गेली, तिने दगडावर घासून घासून केसासारखी बारीक केलेली, जिला तिच्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. त्या दुपारी तिच्या शिवणाच्या टोपलीपाशी मी बसले होते, एवढा पुरावा पुरला. घरातल्या कपड्यांना खूण म्हणून नाडीचा तुकडा लावायची तिची पद्धत आठवते ना? तिला एक टाका, मला दोन, तुला तीन. घरात कुणी काही केलं की त्याच्या टाक्यांचा तुकडा टोपलीच्या कडीला लटकायचा, तो कबूल करेपर्यंत. माझा दोन टाक्यांचा तुकडा तिथे चाळीस वर्षं लटकला. न केलेलं कबूल कसं करायचं ते मला कधी जमलं नाही, आणि उतरवून टाकणं तिला जमलं नाही.

त्यानंतर तिने मला रफू शिकवलं नाही. भरतकाम शीक म्हणाली. भरतकामात केलेलं सगळं वर दिसतं, रफूत सगळं लपवायचं असतं, आणि लपवणाऱ्या हाताला आणखी काय शिकवायचं, असं म्हणाली होती. रागाने नाही, साधंच.

हे आज उकरते आहे कारण पुढच्या खोलीचा, आईच्या दुकानाचा, निर्णय करायचा आहे. ड्रायक्लीनिंगवाला ती मागतो आहे, मार्चअखेर उत्तर द्यायचं आहे. आई जाऊन वर्ष झालं तरी 'रफूकाम' ही पाटी अजून आहे, आणि आठवड्याला दोघं-तिघं अजून येतात, कोट हातावर घेऊन. मी त्यांना परत पाठवते. बघून बघून मला सगळं येतं गं. हात शिवशिवतात. पण चोर म्हणून आईच्या खुर्चीत बसायचं नाही मला.

तिसरा तुकडा पाठवते आहे, राखाडी कोटाचा खिसा. भोकाच्या कडेने मी लाल दोऱ्याने एक फेरी मारली आहे, म्हणजे नंतर वाद नको.

तुझी,
धाकटी

*

२ फेब्रुवारी

प्रिय धाकटे,

रागावू नकोस. थट्टा नव्हती, माझीच चूक होती. खिसा निघाला. लाल दोऱ्याची फेरी मातीत स्पष्ट उमटली आहे, शहाणे. भोक थोडंसं भरल्यासारखं दिसतं, पण त्यात विशेष काही नाही. पातळ माती पाण्याच्या थेंबासारखी भोकावर ताणून धरते आणि तशीच वाळते. कॉलर-कफाचंही तेच झालं असणार. माझे डोळे आता चाळिशीचाही चष्मा मानत नाहीत, म्हणून मला ते रफू वाटलं.

खोलीचं म्हणशील तर देऊन टाक. उगाच जुन्या गोष्टी उगाळत त्या खुर्चीकडे बघत बसू नकोस. दालनवाल्यांच्या मनोगताचं मी बघते. 'अवकाश' हा शब्द सहा वेळा घातला आहे, आणखी दोनदा बसेल.

तुझी,
ताई

*

२ फेब्रुवारी, दुपार
(हे पत्र टाकलं नाही.)

धाकटे,

वरचं सगळं खोटं आहे. 'अवकाश' तेवढा खरा.

खिशाच्या भोकात रफू आहे. उभे धागे, आडवे धागे, एक वर एक खाली, मातीचे. मी भिंग लावून मोजले. तू दिलेल्या लाल फेरीच्या आतून सुरू होतं आणि पाऊण भोक भरून थांबतं. मावशी शेवटी गाठ मारायची नाही, बोटभर दोरा मोकळा सोडायची, कारण गाठीपाशी कापड पुन्हा फाटतं. तो बोटभर दोरासुद्धा आहे. बुडवताना मी भोक उघडं पाहिलं होतं. या वेळी मुद्दाम पाहिलं होतं.

आणि जिथे रफू थांबतं तिथे, धाग्यांच्या वर-खाली जाणारा एक पोकळ बोगदा आहे. केसाएवढा. सुई तशीच अडकवून कुणीतरी उठून गेलं असावं, आणि कापडाबरोबर ती जळाली असावी, असा. पण सुई जळत नाही. बोगदा सरळही नाही, त्याला टोकाशी बाक आहे.

तो बाक मला ओळखायला भिंग लागलं नाही. ती सुई माझ्यापुढे टेबलावर आहे. चाळीस वर्षं आहे. मी तिला लाकडी मूठ बसवून घेतली, आणि तुला पाठवलेल्या प्रत्येक तुकड्याच्या काठाची भोकं मी तिनेच पाडते. बाकामुळे ओली माती फाटत नाही, इतकी सफाई दुसऱ्या कशाने येत नाही. तू गेली पाच वर्षं तिच्याच भोकांतून शिवते आहेस.

त्या दुपारी मी ती सुई मागच्या अंगणात नेली, चिखलाच्या बाहुल्यांना डोळे पाडायला. माझं मातीचं पहिलं काम. दुसऱ्या दिवशी सकाळी ठेवून देणार होते. सकाळी कडीला तुकडा लटकत होता आणि त्यावर तीन नव्हे, दोन टाके होते. मला इतकं हायसं वाटलं की मी दोनदा नाश्ता केला. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, आणि अजूनही सांगत नाही असंच दिसतं.

आता मूठ काढून मी ती सुई बोगद्यात घालून पाहिली. माती आठातला एक भाग आकसलेली आहे, तेव्हा ती बसायला नको. ती बसली. कुठे घासली नाही, कुठे अडली नाही. परत ओढताना मात्र क्षणभर आली नाही. अडकल्यासारखी नाही. धरल्यासारखी.

*

१४ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र वाचून मी रात्रभर... नाही, रात्रभर नाही, मी छान झोपले, पण सकाळी खिसा घेऊन उजेडात बसले. ताई, पातळ माती थेंबासारखी ताणेल, पण एक वर एक खाली जाणार नाही. चष्म्याचा नंबर बदलून घे.

ते आईचं रफू आहे. मला भीती वाटायला हवी होती, पण नाही वाटली. फळीवर तिची राहिलेली कामं पडून होती, गिऱ्हाईकं मेली किंवा गाव सोडून गेली तरी ती म्हणायची, घेतलेलं काम आहे, करावं लागेल. ती करते आहे, एवढंच.

भीती नंतर वाटली. खिशाचं माझ्याकडचं अर्धं कापड तुझ्या मातीच्या अर्ध्याला जोडायला बसले. साधा टाका घालायचा होता. तुझ्या भोकांतून सुई गेली आणि माझा हात आडवा वळला. चार ओळी रफू घातलं. उभा ताणा, त्यात एक वर एक खाली, मातीतलं जिथे थांबलं होतं त्याला लागून, सुतात. शिकवल्यासारखं. कानाशी आईचा श्वास ऐकू येत होता, ती बारीक कामाला नाकाने शिटी वाजवल्यासारखा श्वास घ्यायची तसा. मग मी सुई ठेवून दिली आणि खुर्चीपासून लांब जाऊन उभी राहिले. श्वास थोडा वेळ खुर्चीपाशीच चालू होता.

मला तिला विचारायचं आहे. दुसरा मार्ग नाही, तुझी भट्टीच आहे.

सोबत तिच्या कामाच्या डगल्याचं कोपर पाठवते. चाळीस वर्षं जगाचं रफू केलं, स्वतःच्या कोपराचं भोक तसंच ठेवलं. त्याला आतून टोपलीचा तो तुकडा लावला आहे. ती गेल्यावर मी त्यातले दोन टाके उसवले होते. आता तो कोरा आहे, नीट बघून घे, नुसती नाडी. त्यावर काही लिहिलं नाही, तिला लिहिलेलं आवडायचं नाही. लावताना नुसतं मोठ्याने विचारलं, सुई कुणी घेतली ते तुला आता तरी कळलं का.

पुन्हा दोन टाके निघाले तर खोली मी ड्रायक्लीनिंगवाल्याला देईन आणि पुन्हा हे बोलणार नाही. कोरा निघाला तरी चालेल. जे निघेल ते खरं सांग. चष्मा लावून.

तुझी,
धाकटी

*

३ मार्च

प्रिय धाकटे,

घाईत आहे. भट्टी अजून थंड होते आहे. दालनवाले मनोगतात 'अवकाश' जास्त झाला म्हणतात, त्याऐवजी 'अंतराळ' चालेल का विचारत होते.

ताई

*

१० मार्च

ताई,

तीन आठवडे भट्टी थंड होते, असं तू दालनवाल्यांना सांग, ते त्यावर मनोगत लिहितील.

डगल्याचा उरलेला भाग मी खुर्चीच्या पाठीवर टाकला आहे. परवा दुपारी त्याच्या खिशात अंगुस्तान होतं, शिवताना बोटात घालायची तिची ती टोपी. कोपर कापण्याआधी तो खिसा मी उलटा करून झटकला होता. काल खुर्चीवर रफूचा लाकडी गोळा होता, घासूनपुसून. आज सकाळी करड्या लोकरीचा धागा कापून टोकाला तोंडाने ओला केलेला, खुर्चीच्या हातावर ठेवलेला. ओवायला तयार. ताई, मी एकटी आहे घरात.

सगळं मांडून झालेलं दिसतं. कशासाठी थांबली आहे तेवढं कळत नाही.

काय निघालं ते सांग. दोन टाके निघाले असतील तरी सांग. मला चाळीस वर्षांची सवय आहे.

तुझी,
धाकटी

*

१९ मार्च

प्रिय धाकटे,

या पार्सलला गुंडाळलेलं कोडं मी कोरं ठेवलं आहे. संथ चालणारा प्राणी पुन्हा आलेला आहे. या वेळी माझं नाव लिहिलंस तरी हरकत घेणार नाही.

भट्टी मी सव्वीस फेब्रुवारीलाच उघडली होती. तेव्हापासून कोपर टेबलावर आहे आणि मी स्वयंपाकघरात बसून काम करते आहे.

भोकावर फक्त उभे धागे आहेत. एकवीस, सारख्या अंतराने, ताणून घातलेले. आडवा एकही नाही. पहिल्या ओळीच्या सुरुवातीला तोच पोकळ बोगदा, बाक असलेला. खिशातही तो होता, आणि मी तुला सांगितला नव्हता. रफू करणारी बाई ताणा घालून थांबते ती एकाच कारणाने, हे तुला मी सांगायला नको. हाताशी सुई नसते.

नाडीचा तुकडा आतल्या बाजूला जसा लावलास तसाच मातीचा होऊन निघाला. बुडवताना तो कोरा होता. मी चष्मा लावून, उजेडात, दोनदा पाहिला होता. आता त्यावर टाके आहेत. तीन.

यात न समजण्यासारखं काही नाही, म्हणून सरळ लिहिते. सुई मी घेतली. मागच्या अंगणात चिखलाच्या बाहुल्यांना डोळे पाडायला घेतली, सकाळी परत ठेवायची होती, तुझा तुकडा लटकलेला पाहिला आणि ठेवली नाही. त्या वेळी अकरा वर्षांची होते असं म्हणता आलं असतं. पण मी बाराचीही झाले, विशीचीही झाले, आणि दर सुट्टीत तुमच्याकडे येऊन त्या कडीखाली बसून जेवले. मावशीच्या शेवटच्या आजारपणात तिच्या उशाशी बसले, तेव्हा ती माझा हात हातात घेऊन तळवा उलटा करून बघायची. मला वाटलं, प्रेमाने बघते. मातीच्या कामाचे घट्टे असतात माझ्या हाताला, आणि अंगठ्यावर एक वेगळा घट्टा, बारीक दांडीचा. आयुष्यभर रफू केलेल्या बाईला सुईचा घट्टा ओळखता येतो. मला वाटतं तेव्हाच तिला कळलं होतं. बोलता येत नव्हतं तिला तेव्हा.

तुला रफू शिकवलं नाही, ती खुर्ची दिली नाही, ते माझ्यामुळे. हे मी दालनवाल्यांच्या भाषेत सांगू शकत नाही, त्यात याला शब्द नाही.

खोली देऊ नकोस. पाटी पुसून घे. कोट परत पाठवू नकोस.

मी तिकडे यावं का, ते तू ठरव. बोलावलंस तर येईन, नाही बोलावलंस तर का ते विचारणार नाही.

मागाहून येईल त्या नवव्या वस्तूच्या काठाची भोकं मी छत्रीच्या तारेने पाडली आहेत. मोठी झाली आहेत आणि एका रांगेत नाहीत. एक जागा फाटली. चालवून घे. यापुढे अशीच येतील.

सुईला मी बसवलेली लाकडी मूठ आता कायमची काढली. खाली जराशी माती चिकटलेली होती, ती ओल्या फडक्याने पुसली, मग कोरड्या, मग मावशी पुसायची तशी केसांतून एकदा फिरवली. काल दुपारी टेबलावर ठेवली तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून होती. पार्सल बांधायला घेतलं तेव्हा तुझ्या गावाच्या दिशेला वळलेली होती. मी ती पुन्हा सरळ केली नाही.

सोबत पाठवत आहे:

मातीचं कोपर, एक.

सुई, एक. राखाडी कापडात टोचून ठेवली आहे. उघडताना बोट सांभाळ.

नाडीचा नवा तुकडा, एक. त्यावरचे तीन टाके मी स्वतः घातले आहेत. मला शिवता येत नाही, वेडेवाकडे आहेत, पण मोजता येतील. टोपलीच्या कडीला लाव. टोकाला गाठ मारलेली नाही.

ताई